आधी बोटी, मग रस्ते: बाइकवरून नॉर्डकॅपला पहिल्यांदा निघताना

नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, ७१ अंश १० मिनिटं उत्तर अक्षांशावर, ३०७ मीटर उंचीचा एक सपाट माथ्याचा कडा थेट समुद्रात उतरतो. तोच नॉर्डकॅप. तिथवर डांबरी रस्ता आहे, त्यामुळे साधी टूरिंग बाइक असली तरी पोहोचता येतं. अवघड असतं ते वेळेचं गणित.

मी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी नकाशा उघडला, रस्ता आखला आणि जिथे पाणी आडवं आलं तिथे बोट बसवली. रोज कुठली ना कुठली बोट चुकेल या धास्तीत गाडी हाकली. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी सगळ्या बोटींच्या वेळा एका कागदावर उतरवल्या आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत रस्ते भरले. गाडी तीच, माणूस तोच, पण सफर किती निवांत झाली! म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिते आहे. सुरुवात उत्तर जर्मनीतून धरली आहे, कारण मोठ्या बोटी तिथूनच सुटतात.

तारखा आणि दिवस

मध्य जून ते मध्य ऑगस्ट हाच खरा हंगाम. नॉर्डकॅपला साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. जूनच्या सुरुवातीला डोंगरातल्या उंच रस्त्यांच्या कडेला बर्फ साचलेला असतो आणि उत्तरेतल्या काही लहान बोटी तर फक्त उन्हाळ्यातच चालतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य हा काळ सुचवेन.

सुट्टी किमान १८ दिवसांची हवी, २१ मिळाली तर फारच छान. मी सांगते आहे तो मार्ग असा: कीलहून बोटीने ऑस्लो, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने बुडो, लोफोटेन, ट्रोम्सो, अल्टा, नॉर्डकॅप, मग फिनलंडमधून खाली हेलसिंकी आणि तिथून बोटीने जर्मनीतलं ट्रावेम्युंडे बंदर. या वर्तुळात चाकांखालून साधारण चार हजार किलोमीटर जातात. हॅम्बुर्गहून सगळं रस्त्यानेच जाऊन आलात तर हाच आकडा सहा हजारांच्या घरात जातो आणि त्यातला मोठा भाग सरळसोट महामार्गाचा. बोटीच्या तिकिटाचे पैसे जास्त वाटतात तेव्हा टायर, पेट्रोल आणि वाचलेल्या चार मुक्कामांचा खर्चही शेजारी मांडून बघा.

मोठ्या बोटींचं बुकिंग

या दोन तिकिटांवर बाकीची सगळी सफर टांगलेली असते. ती एकाच बैठकीत काढा आणि जुलैत जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच काढा. बोटीवर बाइकसाठी ठरावीक जागा असतात आणि उन्हाळ्यात स्वस्त केबिन आधी संपतात.

कील ते ऑस्लो बोट दुपारी दोनच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लागते. रात्रीची झोप केबिनमध्ये होते आणि सकाळी ऑस्लोच्या फ्योर्डमधून, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीतून, बोट आत शिरताना डेकवर उभं राहायला मिळतं. ही बोट जमत नसेल तर डेन्मार्कच्या टोकाला हिर्टशाल्सहून क्रिस्टियानसानला सव्वातीन तासांच्या आसपास आणि लार्विकला पावणेचार तासांच्या आसपास पोहोचवणाऱ्या बोटी आहेत. मात्र हॅम्बुर्गहून हिर्टशाल्सपर्यंतच जवळजवळ पाचशे किलोमीटर गाडी चालवावी लागते, हे धरून चाला.

बुकिंग करताना वाहनाच्या यादीत 'मोटरसायकल' हाच प्रकार निवडा, चुकून कार निवडलीत तर पैसे जास्त जातात. गाडीचा नंबर आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घाला. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढा. थोडे पैसे जास्त पडतात, पण पंक्चर, पाऊस किंवा एखादी चुकलेली लहान बोट सगळं वेळापत्रक एका दिवसाने पुढे ढकलते आणि ते कधी होईल हे आधी कळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: जर्मनी, नॉर्वे आणि फिनलंड तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत, पण नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे ऑस्लोला उतरताना कस्टमची तपासणी होऊ शकते. पासपोर्ट, लायसन्स, युरोपबाहेरचं लायसन्स असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना, गाडीचं नोंदणीपत्र आणि विमा, हे सगळं वर, हाताशी ठेवा. गाडी भाड्याची असेल तर ती कोणकोणत्या देशांत नेता येईल आणि बोटीवर चढवलेली चालेल का, हे लेखी घ्या. मित्राची असेल तर त्याच्या सहीचं पत्र घ्या.

बोटीवर गाडी चढवणं आणि बांधणं

नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती याचीच असते आणि ती रास्त आहे. दोन वेळा करून बघितलं की हात बसतो, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

बंदरावर सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचा. बाइकवाल्यांना बहुतेक वेळा वेगळी रांग असते आणि त्यांना एक तर सगळ्यात आधी आत घेतात किंवा सगळ्यात शेवटी. थांबलेल्या वेळात एक काम उरकून टाका: रात्रीचे कपडे, टूथब्रश, औषधं, चार्जर आणि कागदपत्रं एका लहान पिशवीत काढून घ्या. बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद होतो, मग सकाळपर्यंत खाली जाता येत नाही.

उताराची लोखंडी पाटी ओली आणि तेलकट असते. पुढची गाडी पूर्ण वर चढेपर्यंत खालीच थांबा. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर समोर, आणि पाटीवर असताना पुढचा ब्रेक दाबू नका. आतली जमीनही लोखंडीच, त्यावर दोर अडकवायच्या कड्या वर आलेल्या असतात. त्या चुकवत खलाशी हाताने दाखवेल तिथे, त्याच्या चालीने जा. तो घाईत वाटला तरी तुम्ही घाई करू नका.

गाडी उभी केली की साइड स्टँडवर घ्या, मधल्या स्टँडवर नको. इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुढचा ब्रेक लिव्हर दाबून वेल्क्रोच्या पट्टीने हँडलला घट्ट बांधा. सीटवर जुना टॉवेल घडी करून टाका आणि त्यावरून रॅचेटचा (दांडा हलवून आवळायचा) पट्टा घेऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये अडकवा. आता रॅचेट ओढत जा, मागचा सस्पेन्शन दोन-तीन बोटं खाली दबेपर्यंत. तेवढं पुरे. त्याहून जास्त आवळलं तर सगळा भार स्टँडवर येतो. दुसरा पट्टा पुढून, फोर्कच्या खालच्या क्लॅम्पपासून घेता आला तर फार चांगलं. आरसा, प्लास्टिकचं फेअरिंग (गाडीचं पुढचं आवरण), पॅनियर (बाजूची सामानाची पेटी) किंवा त्याची चौकट, यांपैकी कशालाच पट्टा अडकवू नका.

हे शेवटचं मी शिकले ते नुकसान सोसून. पहिल्या सफरीत मी पट्टा पॅनियरच्या चौकटीतून घेतला होता आणि सस्पेन्शन दाबलाच नव्हता. वरून पट्टा ताठ दिसत होता. रात्री समुद्र जरा उसळला, गाडी प्रत्येक हेलकाव्याला थोडी दबत गेली, पट्टा सैल पडला आणि सकाळी खाली गेले तेव्हा माझी गाडी शेजारच्या गाडीला टेकून उभी होती. माझा आरसा फुटला, त्यांच्या टाकीवर ओरखडा आला. शेजारचे गृहस्थ समजूतदार होते, पण त्या ओरखड्याची टोचणी मला पुढे कित्येक दिवस होती.

बोटीवर पट्टे मिळतात, पण ते गंजलेले, ग्रीस लागलेले असू शकतात. स्वतःचे दोन न्या. रॅचेट सोडायचा कसा, हे घरीच दोन-तीनदा करून बघा: मधली पकड ओढून धरायची आणि दांडा पूर्ण सपाट होईपर्यंत उघडायचा. डेकवर पहाटेच्या घाईत, मागे ट्रकांची इंजिनं धडधडत असताना, नवा माणूस अडतो तो नेमका इथे. खलाशाने गाडी त्याच्या पद्धतीने बांधून दिली तर देऊ द्या, मात्र नंतर हाताने हलवून बघा.

गाडीला अलार्म असेल तर बंद करा. बोटीच्या थरथरीने तो रात्रभर वाजतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. डेकचा आणि जिन्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढा. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोट सुटायच्या आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात दर हजारी ०.२ आहे, म्हणजे जवळजवळ शून्यच. रात्री बोटीवर घेतलेली सकाळी दहाला अंगात असू शकते, म्हणून त्या रात्री घेऊच नका.

लहान बोटींचा रस्ता

ऑस्लोहून ई-६ हा उत्तरेला जाणारा महामार्ग धरून लिलेहामर, डोव्हरेफ्येल, ट्रॉन्डहाइम करत स्टाइनशेरला दोन दिवसांत या. इथे ई-६ सोडायचा. स्टाइनशेर ते बुडो हा एफव्ही-१७ नावाचा किनाऱ्याचा रस्ता सुमारे ६५० किलोमीटरचा आहे आणि वाटेत ६ बोटी लागतात: होल्म ते वेन्नेसुंड, आंडाल्सवोग ते हॉर्न, फोरविक ते त्योट्टा, लेवांग ते नेस्ना, किल्बोगहाम्न ते येक्टविक, आणि ओगस्कारडेट ते फोरॉय. ई-६ वरून हेच अंतर दीड दिवसात कापता येतं. तरीही माझं ठाम मत आहे की तीन दिवस काढा आणि इथूनच जा. एका बाजूला उभे कडे, दुसऱ्या बाजूला शेकडो लहान बेटं, आणि दर दोन-तीन तासांनी हेल्मेट काढून अर्धा-पाऊण तास डेकवर वारा खायची सक्तीची विश्रांती. इतका सुंदर रस्ता मी दुसरा चालवलेला नाही.

या बोटींना आगाऊ बुकिंग लागत नाही. धक्क्यावर आखलेल्या रांगेत उभं राहायचं. बाइकला बहुधा जागा मिळतेच, कोपऱ्यात तरी बसवतात. पैशांची पद्धत जागेप्रमाणे बदलते. कुठे कर्मचारी येऊन कार्डावर पैसे घेतो, कुठे नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागाहून गाडीमालकाच्या पत्त्यावर येतं. रस्त्यावरच्या टोलनाक्यांना मात्र नॉर्वेत बाइकला पैसे पडत नाहीत.

वेळा बघायला 'एन्टूर' हे अ‍ॅप वापरा, त्यात बोटींची वेळापत्रकं असतात. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या बोटींच्या वेळा टाकीवरच्या बॅगेत कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या बोटीची वेळ ठळक. संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात. दिवसाला तीनपेक्षा जास्त बोटी धरू नका आणि धक्क्यावर २० मिनिटं आधी पोहोचाल असा हिशोब ठेवा. एखादी चुकलीच तर वेग वाढवून पुढची गाठायला जाऊ नका. गावाबाहेर मर्यादा ताशी ८०, वस्तीत ५०, आणि दंड हजारो क्रोनरचा.

लहान बोटीवर बहुतेक वेळा पट्टा लागत नाही. साइड स्टँड, पहिला गिअर, आणि पाणी हललं तर गाडीजवळच उभं राहायचं.

किल्बोगहाम्न ते येक्टविक या तासाभराच्या प्रवासात बोट उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. किनाऱ्यावर पृथ्वीगोलाचं लहानसं स्मारक आहे, ते लांबूनच दिसतं. दुसऱ्या सफरीत मी कठड्याला टेकून उभी होते. बोटीवरून घोषणा झाली तशी कॉफीचे पेले हातात घेऊन पंधरा-वीस माणसं एका बाजूला आली, एका आजोबांनी टोपी काढली, आणि तो गोल हळूच मागे सरकला. मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

बुडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला जाणारी बोट तीन-साडेतीन तासांची आहे. उन्हाळ्यात हिला गर्दी असते, म्हणून हिची जागा आधी राखून ठेवा. ही खुल्या समुद्रातून जाते, तेव्हा गाडी नीट बांधा. लोफोटेनला दोन दिवस द्या. मग आन्देनेसहून ग्रिल्लेफ्योर्ड आणि बोट्नहाम्नहून ब्रेन्सहोल्मेन या दोन उन्हाळी बोटींनी सेन्या बेटावरून ट्रोम्सोला पोहोचता येतं. ट्रोम्सोच्या पुढे ब्रेइविकआइडेट ते स्वेन्सबी आणि लिंगसाइडेट ते ओल्डरडालेन अशा आणखी दोन छोट्या बोटी घेतल्या की फ्योर्डांना घालावा लागणारा लांबचा वळसा वाचतो आणि तुम्ही थेट ई-६ वर, अल्टाच्या दिशेला लागता.

थंडी, उजेड, रेनडिअर

जुलैतही उत्तरेला दिवसा ८-१० अंश आणि वर वारा, हे गृहीत धरा. अंगालगत लोकरीचा थर, मधे फ्लीस, वर जॅकेट, आणि त्यावर एक वेगळा रेनसूट. जॅकेट 'वॉटरप्रूफ' असलं तरी रेनसूट न्याच, कारण दोन दिवस सलग भिजलेलं जॅकेट तिथे वाळत नाही. हातमोज्यांचे दोन जोड. गरम होणाऱ्या ग्रिप बसवून घेता आल्या तर त्याहून चांगला खर्च नाही. हवामानासाठी 'यर' हे तिथलंच अ‍ॅप बघत जा.

न मावळणारा सूर्य फसवतो. रात्री अकराला दुपारच्या चारचं ऊन असतं, शरीर थकल्याचं सांगत नाही आणि माणूस 'अजून शंभर किलोमीटर' करत राहतो. घड्याळाकडे बघून संध्याकाळी सहाला थांबा. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. मुक्कामाला कॅम्पसाइटवरच्या लाकडी खोल्या, ज्यांना तिथे हित्ते म्हणतात, सगळ्यात सोयीच्या. तंबू असेल तर मोकळ्या रानात घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींपर्यंत लावायची मुभा आहे.

रेनडिअर अचानक रस्त्यावर येतात आणि एक दिसला की मागे आणखी असतातच. हॉर्न वाजवून काही होत नाही, वेग कमी करून थांबा. गरमीच्या दिवसांत डास-माश्यांपासून पळून ते बोगद्यात शिरून उभे राहतात, म्हणून बोगद्यात शिरताना काळा चष्मा काढा, हेल्मेटच्या आतली काळी काच वर करा आणि डोळे सरावेपर्यंत हळू चालवा. हेडलाइट दिवसाही चालू असायलाच हवा.

पेट्रोल अर्धं झालं की भरा. अल्टाच्या पुढे पंप लांब लांब आहेत आणि बरेचसे कार्ड व पिनवरच चालतात. टायर नवे घालून निघा, चेनला रोज रात्री तेल द्या.

शेवटचे १२९ किलोमीटर

ओल्डरफ्योर्डला ई-६ सोडून ई-६९ धरला की उजवीकडे समुद्र येतो. नॉर्डकॅप ज्या बेटावर आहे त्या मागेरोयावर जायलाही पूर्वी बोटच होती. १९९९ मध्ये समुद्राखालून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा झाला आणि ती बंद झाली. हा बोगदा पाण्याच्या पातळीच्या २१२ मीटर खाली उतरतो. आत उन्हाळ्यातही कडक गारठा असतो, उतार तीव्र आहे आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. काच बोटभर उघडी ठेवून, खालच्या गिअरमध्ये उतरा.

बेटावरच्या होनिंगस्वोग किंवा स्कार्सवोग या गावी दोन रात्री मुक्काम ठेवा. नॉर्डकॅपवर धुकं फार येतं, दोन रात्री हातात असल्या तर एक तरी मोकळी मिळायची शक्यता वाढते. सूर्य तिथे रात्री बरोबर बाराला नाही, तर १२.२० च्या सुमारास सगळ्यात खाली असतो, तेव्हा बारा वाजले म्हणून परत फिरू नका. वारा जोराचा असतो, गाडी उभी करताना स्टँडच्या बाजूला वारा ढकलेल अशी ठेवा. पायी चालायची आवड असेल तर शेजारचं क्निव्हशेलोड्डेन हे टोक आणखी थोडं उत्तरेला आहे, जाऊन-येऊन १८ किलोमीटर.

परतीची वाट

नॉर्डकॅप म्हणजे सफरीचा मध्य, हे आखतानाच लक्षात ठेवा. तिथून कारास्योक, सीमेवरचं कारिगास्निएमी, इनारी, रोव्हानिएमी करत हेलसिंकी सुमारे दीड हजार किलोमीटर. रस्ता सरळ, जंगलाचा, दिवसाला चारशे किलोमीटर आरामात होतात. चार दिवस धरा आणि पाचवा हातात राखून ठेवा. लॅपलंडच्या जंगलात डास भयंकर आहेत, डोक्यावरून घ्यायची जाळी न्या.

सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे जातं. फोन आपोआप बदलतो, बाइकवरचं घड्याळ बदलत नाही. बोटीच्या दिवशी हा एक तास महागात पडू शकतो, म्हणून कारिगास्निएमीलाच थांबून ते बदला.

हेलसिंकीची बोट शहराच्या मधून नव्हे, तर पूर्वेकडच्या वुओसारी बंदरातून सुटते. अडीच तास आधी पोहोचा. ट्रावेम्युंडेपर्यंत साधारण ३० तास लागतात आणि बोट बहुधा दुसऱ्या दिवशी रात्री लागते. त्यामुळे त्या रात्रीची खोली ट्रावेम्युंडेला किंवा २० किलोमीटरवरच्या ल्युबेकला आधीच घेऊन ठेवा, आणि रात्री उशिरा किल्ली कशी मिळेल ते विचारून ठेवा.